गोठ्यालगतची खोली

आई,

तुझं रक्षाविसर्जन झालं तरी बायका उठायला तयार नव्हत्या. चहाचे दोन फेरे झाले. प्रत्येकीला माझ्याजवळ बसून एकच गोष्ट सांगायची होती. "मंगल, माझं पयलं बाळंतपण हौसाक्कानंच केलं बग." "माझ्या दोनी पोरास्नी पयली आंघोळ तिच्या हातची." "काय हात हुता बाईचा! पोट चोळलं की निम्मं दुखणं जायाचं." गंगावेशीच्या मागच्या आपल्या गल्लीतल्या निम्म्या पोरांना तू पायावर घेऊन न्हाऊ घातलंयस, यात काही खोटं नाही. मी मान हलवत होते आणि आतून मला एवढा राग येत होता की कप ठेवताना बशी वाजली. बायकांना वाटलं, पोरीला गहिवरून आलं. एकीनं माझी पाठ चोळली.

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं, एवढं मलाही कळतं. तुझं चांगलं मी बोलेन, बोलण्यासारखं भरपूर आहे. पण आपला एक वाद राहिलाय आणि तो तू अर्धवट टाकून गेलीस. तुला तशी सवयच होती. भांडण अंगाशी यायला लागलं की तू म्हशींना वैरण टाकायला उठायचीस. या वेळी जरा लांब गेलीस, एवढंच.

त्र्याण्णव साली मी पहिलटकरीण म्हणून तुझ्याकडं आले, तेव्हा मला बाळंतपणाबद्दल काय माहीत होतं? हिरवी साडी नेसून झोपाळ्यावर बसायचं, ओटीत फळं घ्यायची, फोटो काढून घ्यायचे. त्याच्या पुढचं कुणी सांगितलं नव्हतं. तूही नाही. लहानपणी घरात म्हैस व्यायला लागली की तू मला गोठ्यातून हाकलायचीस, "पोरीच्या जातीनं बगू नये," म्हणून. त्यामुळं कळा सुरू झाल्यावर मला वाटलं, मी मरते आहे आणि हे माझ्याच बाबतीत काहीतरी चुकलंय. प्रसूतिगृहातल्या त्या लोखंडी टेबलावर मी ओरडले, तर आयानं मांडीवर चापट मारली. आणि तू दाराच्या फटीतून म्हणालीस, "मंगे, वरडू नगंस. भाईर पावणं बसल्यात." पावणं म्हणजे माझा नवरा आणि दीर. मी पदर तोंडात कोंबला. टाके घालताना भूल उतरली होती की दिलीच नव्हती, ते मला आजही माहीत नाही. सुप्रिया झाली. बाळाला बघितलं की बाई सगळं विसरते, असं म्हणतात. मी काहीही विसरले नाही.

मग ती खोली. आपल्या घरातली मागची, गोठ्यालगतची. खोली आणि गोठा यांच्यामध्ये विटांची एक भिंत, तीही कौलापर्यंत न पोचलेली. दसरा होऊन गेलेला, ऑक्टोबरचा उकाडा, आणि तू खिडकीला पोतं लावलेलं. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा टाकून केलेली धुरी. माझ्या कानात कापूस आणि कानांवरून घट्ट बांधलेला रुमाल. टाक्यांमुळं मला बसता येत नव्हतं, कुशीवर वळता येत नव्हतं, आणि लघवीला जायची वेळ आली की मी आधी रडून घ्यायचे. अंगावरून एवढं जात होतं की मला वाटायचं, आता मी अशीच वाहून संपणार. तुला विचारलं तर म्हणालीस, "समद्यांचं जातंय." तुझं उत्तर बरोबर होतं. त्यानं मला काडीचाही धीर आला नाही.

आणि पाणी नव्हतं. बाळंतिणीनं पाणी प्यायलं की पोट सुटतं, वात होतो, बाळाला सर्दी भरते. सुंठ घालून उकळलेलं थोडंसं पाणी वाटीतून मिळायचं, तेवढंच. मी मागायचे, तू म्हणायचीस, "सोस की जरा. आमी सोसलं न्हवं?" हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही: मोरीत पाटावर बसवून तू माझ्या डोक्यावर तांब्या तांब्या पाणी ओतायचीस ना, तेव्हा मी तोंड उघडं ठेवायचे. शिकेकाईसकट जेवढं तोंडात येईल तेवढं गिळायचे. तू मागं उभी असायचीस, तुला दिसायचं नाही.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, पोरीला पाजू का? प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनी निघताना तसं सांगितलं होतं आणि तू त्यांच्यापुढं मान डोलावली होतीस. घरी आल्यावर तू म्हणालीस, "आत्ता न्हाय. ह्यो चीक हाय. जड असतोय, लेकराला पचत न्हाय." मग तू वाटी घेऊन यायचीस, माझ्या अंगातलं ते घट्ट, पिवळसर पहिलं दूध पिळून काढायचीस, आणि परसात भिंतीच्या कडेला, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ओतून यायचीस. सुप्रियाच्या तोंडात कापसाच्या बोळ्यानं गूळपाणी. नंतर मधाचं बोट. नंतर म्हशीचं दूध, पाणी घालून.

त्यातच चिंगी व्याली. तुझी सगळ्यात लाडकी म्हैस. मी बाजेवर पडून भिंतीपलीकडचं सगळं ऐकत होते. ती घुसमटून हंबरत होती आणि तू तिच्याशी बोलत होतीस, "झालं गं बाई झालं, वरड, वरड, मोकळं वाटतंय." तिला तू ओरडू दिलंस. मग रेडकू जमिनीवर पडल्याचा आवाज आला. रेडकाच्या मागून पडणारी वार अजून आतच होती. आबा म्हणाले, "वार पडू दे, मग पाजू." त्यावर तू अशी कडाडलीस की माझ्या कुशीतली पोर दचकली.

"वार पडंपातूर थांबायचं? खुळं का काय तुमी! पयला चीक रेडकाच्या पोटात गेलाच पायजे. त्यो न्हाय गेला तर रेडकू जगत न्हाय. किती बगितल्यात म्या."

आणि मग आवाज एकदम मऊ करून रेडकाला म्हणालीस, "पी माज्या सोन्या, पी."

चिंगीला तू बादलीभर कोमट पाणी दिलंस, गूळ घातलेलं. ती ते ओढून ओढून पीत होती. तो आवाज मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होते, कोरड्या जिभेनं. दुसऱ्या दिवशी रेडकाचं भागून उरलेल्या चिकाचा तू खरवस केलास, वेलदोडा आणि जायफळ घालून, आणि गल्लीभर वाटलास. मला नाही दिलास. बाळंतिणीला तो जड.

संध्याकाळी तू वाटी घेऊन आलीस तेव्हा मी म्हणाले, "आई, रेडकाला चीक लागतोय, मग माझ्या पोरीला?"

"माणसाचं येगळं असतंय, मंगे."

"कसं येगळं?"

तू वैरण टाकायला गेलीस.

पुढं व्हायचं तेच झालं. पाजायची परवानगी मिळेपर्यंत माझी छाती दगडासारखी झाली होती, ताप चढला होता, नुसता पदर लागला तरी ठणका उठायचा. आणि सुप्रियाला तोपर्यंत बोळ्याची सवय लागलेली. तिला जवळ घेतलं की ती तोंड फिरवून किंचाळायची. मीही रडायचे. ताप उतरला तशी छातीही उतरली. मग एका सकाळी शेजारच्या शेवंताकाकू बाळ बघायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर तू माझा पदर बाजूला केलास, म्हशीची कास चाचपावी तसं दोन बोटांनी दाबून बघितलंस आणि म्हणालीस, "न्हाय. हिच्या अंगात दूध न्हाय."

तुझ्या त्या शब्दाला काय वजन होतं, ते मी तुला काय सांगू? म्हशी उभ्या करून दूध विकतात त्या कट्ट्यावर कुणाला म्हैस घ्यायची असली की आधी हौसाक्काला बोलवायचे. तू कासेला हात लावून सांगायचीस, ही देईल, ही नाही देणार, आणि तिथं विषय संपायचा. आबांचंसुद्धा त्यात चालायचं नाही. तूच म्हणालीस दूध नाही, म्हणजे नाही. दुपारपर्यंत ते गल्लीला कळलं. सव्वा महिन्यानं मी गडमुडशिंगीला सासरी गेले, तर तो शब्द माझ्या आधी तिथं जाऊन बसला होता. सासूबाई पाहुण्यांच्या हातात चहा देत सांगायच्या, "दूधवाल्याची लेक हाय, पर अंगात थेंब न्हाय." लोक हसायचे. विनोद चांगलाच होता, मीसुद्धा कधीकधी हसले असेन.

ते दिवस मला नीट आठवत नाहीत, आणि आठवतात ते आठवू नयेत असे आहेत. पोर रडायला लागली की आई धावते म्हणतात. मला उठावंसंच वाटायचं नाही. मी भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि ती दुसऱ्याच कुणाची तरी पोर आहे, असं समजायचे. मळ्यातल्या विहिरीकडं मी एकटी जायचे नाही, भीती वाटायची. विहिरीची नव्हे, माझीच. सासूबाई म्हणाल्या बाहेरचं आहे. तू आलीस, दंडाला काळा दोरा बांधलास, आणि म्हणालीस, "लेकराकडं बग जरा. न्हायतर लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणत होते ते तूच त्यांना शिकवलं होतंस.

आणि तरी, सुप्रिया बाटलीच्या दुधानं जुलाब होऊन निपचित पडली तेव्हा तिला छातीशी धरून दवाखान्यात पळालीस ती तूच. तिच्या डोक्याच्या शिरेत सलाईन लावलं होतं, मला तिच्याकडं बघवत नव्हतं. तू मात्र खाटेशेजारी जमिनीवर बसून राहिलीस. गोठा आबांवर टाकून दिलास, जो तू कधी माझ्या लग्नातसुद्धा टाकला नव्हतास. पोर घरी आली, आणि मग रोज सकाळी पहिल्या एसटीनं तू गडमुडशिंगीला यायला लागलीस, हातात किटली घेऊन. चिंगीचं दूध, तिच्यासाठी वेगळं काढलेलं. चुलीवर उकळायचीस, बाटली स्वतः उकळत्या पाण्यात टाकायचीस, पाजायचीस, ढेकर काढायचीस आणि पुढच्या एसटीनं परत. पावसातही आलीस, पाय मुरगळला होता तेव्हाही आलीस. सासूबाई टोमणे मारायच्या, तू ऐकून घ्यायचीस. तू ऐकून घ्यायचीस ही गोष्ट गल्लीत कुणाला सांगितली तर विश्वास ठेवणार नाहीत. सुप्रिया तुझ्या दुधावर वाढली, आई. तिची उंची, तिचे दात, तिचे ते दाट केस, सगळं तुझं. मी हे नाकारत नाही. पण तू ती किटली माझ्यासमोर ठेवायचीस तेव्हा दर सकाळी मला नव्यानं सांगितलं जायचं की माझ्या अंगात काही नाही.

सत्त्याण्णवला अमित झाला. या खेपेला मी माहेरी आलेच नाही, तू बोलावून बोलावून थकलीस. शहरातल्याच दुसऱ्या एका दवाखान्यात होते. तिथल्या नर्सनं मला काही विचारलं नाही, सासूबाईंना तर नाहीच. पोराला पुसलं आणि माझ्या छातीवर ठेवून दिलं. तो चाचपडला, धडपडला आणि लागला प्यायला. मला आधी कळलंच नाही काय होतंय ते. कळलं तेव्हा मी मोठ्यानं हसले आणि हसता हसता टाके दुखले.

तू दुपारी डबा घेऊन आलीस आणि दारातच थांबलीस. पोराला पिताना बघितलंस. मग म्हणालीस, "ह्या खेपंला उतरलं जनू."

मी म्हणाले, "मागच्या खेपंला बी उतरलं हुतं, आई. तू ओतून आलीस."

"तुजं तवा येगळं हुतं."

एवढं बोलून तू डबा धुवायला उठलीस. डबा अजून भरलेला होता.

आणि मग भावाचं लग्न झालं, वहिनी आली, आणि तिचं दुसरं बाळंतपण आपल्याच घरी झालं. त्याच खोलीत. मी बाळंतविडा घेऊन आले होते. खिडकीचं पोतं काढलेलं होतं. बाजेखाली शेगडी नव्हती. वहिनीच्या उशाशी पाण्याचा तांब्या होता, आणि तू तिला सांगत होतीस, "पानी पी गं, भरपूर पी. त्याबिगार दूध कुटनं येनार?" बाळ तिच्या छातीशी होतं. वाटी कुठं दिसली नाही. मला बरं वाटायला हवं होतं, एका बाईची तरी सुटका झाली म्हणून. मला बरं वाटलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वयंपाकघरात मी तुला गाठलं आणि विचारलं, "मला का न्हाय दिलंस पाणी?"

"आता डॉक्टर सांगत्यात म्हणून."

"डॉक्टर तवा बी सांगत हुत्या. तू मान डोलावलीस."

"तुजं येगळं हुतं म्हनलं न्हवं!" तू एवढ्या जोरात ओरडलीस की आबा बाहेरून आत आले. मी पिशवी उचलली आणि निघाले. दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही. भाऊबीजेला मी आले तेव्हा तू माझ्या पानात दोन करंज्या जास्त वाढल्यास. तुझ्या मते भांडण मिटलं होतं.

मला काय हवं होतं, आई? पायावर डोकं ठेवून मागितलेली माफी नको होती. मला एक वाक्य हवं होतं. "मंगे, तुज्या अंगात दूध हुतं." पुढचं "माझं चुकलं" तू गिळलं असतंस तरी चाललं असतं. गल्लीतल्या कुठल्याही म्हशीबद्दल तू अंदाज चुकला की बिनदिक्कत सांगायचीस, चुकलं बाबा माझं, ही चांगली निघाली. माझ्याबद्दल का नाही, हे मला कितीतरी वर्षं कळत नव्हतं. मला वाटायचं, अहंकार. मला वाटायचं, लेकीपुढं हरायचं नाही म्हणून. मला तर असंही वाटायचं की तुझं माझ्यावर प्रेमच नाही.

गेल्या उन्हाळ्यात तुझ्या किडन्या गेल्या आणि मी तुझ्याजवळ राहायला आले. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. ते मोजायचं काम माझ्याकडं आलं. तू म्हणायचीस, "अजून एक घोट दे की गं," आणि मी म्हणायचे, नको म्हणालेत. मला त्यात कुठंच बरं वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्या दिवशी वाटलं. नंतर तुझे ओठ बघवेनात. मी फडकं ओलं करून तुझ्या तोंडाला लावायचे आणि तू लहान पोरासारखी ते चोखायचीस.

अशाच एका दुपारी तू आपणहून बोलायला लागलीस. आबा बाहेरच्या सोप्यात झोपले होते, वहिनी बाजारात गेली होती. तू नेहमीचीच गोष्ट काढलीस, माझ्या जन्माची. ती मी शंभरदा ऐकलेली. तुझी सासू गावाला जत्रेला गेली होती, घरात कुणी नव्हतं, तू म्हशीची धार काढायला बसलीस आणि तिथंच, गोठ्यात, वैरणीवर मी झाले. "तू अशी भोंगा पसरलीस की काय सांगू. गप करायला कुणी न्हाय. मग म्या तशीच छातीला लावली. लागलीस की गटागटा प्यायला, हावरट कुटली." इथं तू नेहमी हसायचीस. त्या दुपारी हसली नाहीस.

माझ्या आधी तुला दोन मुलं झाली होती. ती राहिली नाहीत, एवढंच तू कधी सांगितलंस तर सांगायचीस, तेही कामाच्या गडबडीत, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं. दोघं पाचवीच्या आसपास गेलेली. त्या वेळी तुझी सासू, तुझी आत्ती, घरातच होती. बाळंतपणं तिनंच केली होती, रीतीप्रमाणं, वाटी घेऊन.

तू छताकडं बघत म्हणालीस, "आत्ती गावाला गेलती म्हणून तू पयल्यापास्नं प्यालीस." थोड्या वेळानं म्हणालीस, "आनि रेडकाला तर लागतोयच चीक." मग माझ्याकडं वळलीस. तुझे डोळे मी तसे कधी बघितले नव्हते. "मंगे, तुजं म्हननं खरं धरलं, तर माझी ती दोगं कशानं गेली?"

तेव्हा मला कळलं. माझं ते एक वाक्य तू का बोलत नव्हतीस, ते त्या क्षणी मला कळलं. ते बोलली असतीस तर त्याच्या मागोमाग ही दोघं आली असती. तू एवढी वर्षं दार लावून धरलं होतंस, आणि मी बाहेरून धक्के मारत होते.

उत्तर माझ्याकडं होतं. तुझ्याकडंही होतंच, नाहीतर तू विचारलं नसतंस. मी तुझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ताप आलता की गं त्यास्नी. तूच सांगितलंयस. त्या काळी किती पोरं गेली. चिकाचं काय न्हाय त्यात. माणसाचं येगळं असतंय."

"व्हय?"

"व्हय."

तू डोळे मिटलेस. "मग झालं," म्हणालीस.

नंतर ते बोलणं तू पुन्हा काढलं नाहीस आणि मी काढू दिलं नसतं. पण त्या दुपारी मी काय केलं ते मला चांगलं ठाऊक आहे. तुझी दोन्ही बाळं तापानं गेली असतील, माणसाचं वेगळं असेल, तर मग माझंही वेगळंच होतं. माझ्या अंगात दूध नव्हतं. तुझा शब्द मीच खरा केला, माझ्याच तोंडानं. मला याचा पश्चात्ताप नाही. पुन्हा विचारलंस तर पुन्हा तेच सांगेन. पण चीड येते, आई. तुझ्या सासूची येते, रीतीची येते, मरणाच्या दारात तो प्रश्न घेऊन बसलेल्या तुझीही येते. माझं वाक्य मला मिळायची वेळ आली आणि त्याच वेळी ते मागायची सोय राहिली नाही.

तुझं दिवसकार्य झालं, सुतक फिटलं. भांडी घासायला गल्लीतल्या बायका आल्या होत्या. शेवंताकाकू त्यांच्या नातीला, अश्विनीला घेऊन आल्या. पोरीला नववा लागलाय, पहिलंच आहे, तोंड सुकून गेलेलं. काकू म्हणाल्या, "हौसाक्का असती तर मला घोर नव्हता. आता हिचं तूच बग, मंगल. आईच्या हाताखाली वाडलीस तू. कसं कसं करायचं, सांग हिला."

मी अश्विनीला समोर बसवलं. म्हणाले, दुखलं की ओरड, कुणाला काय वाटायचं ते वाटू दे. पाणी मागशील तेवढं पी. आणि पोर झालं की लगेच पाजायचं. चीक टाकायचा न्हाय. पहिला थेंब त्याच्याच पोटात गेला पाहिजे.

काकू म्हणाल्या, "अगं, पर हौसाक्का तर पिळून टाकाय लावायची."

"आईचं चुकत हुतं."

घासायच्या भांड्यांचा आवाज थांबला. वहिनीनं माझ्याकडं बघितलं. तुझा फोटो तिथंच सोप्यात होता, हार घातलेला, आणि तुला जाऊन अजून पुरता पंधरवडा झाला नव्हता.

"असं कसं म्हंतीस?" काकूंना राग आला होता. "तुज्या अंगात दूधच न्हवतं. त्यात तिचं काय चुकलं? म्या सोता हुतो की तितं."

"हुतं, काकू. मला दूध हुतं. पाजू दिलं न्हाय."

 अश्विनी माझ्याकडं बघत होती. मी तिला पुढचं सांगायला लागले, टाक्यांचं, अंगावरून जातं त्याचं, रडू येतं त्याचं. सगळं सांगितलं.

गल्लीपुढं तू बोललेला शब्द मी गल्लीपुढं मागं घेतला. तो तू घ्यायचा होतास, आई.